न दिसणाऱ्या खड्याचे चित्र

रसग्रहण म्हटले की कविता आठवते, फार तर एखादी बंदिश किंवा सिनेमा. दवाखान्यातल्या पडद्यावर उमटणारे करडे, हलते चित्र कुणी रसग्रहणाला घेत नाही. ते रिपोर्टात जाते, रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कपाटावर. पण कळेने तळमळणाऱ्या माणसाच्या कुशीवर प्रोब टेकवून कॅज्युअल्टीतला डॉक्टर चार-पाच मिनिटांत जे पाहतो, त्यात रचना आहे, संयम आहे आणि आपल्याला काय कळत नाही याची जाण आहे. मुतखड्याच्या शंकेने खाटेजवळच केलेली ही सोनोग्राफी बहुतेक वेळा खडा दाखवतच नाही. तरीही पुढे काय करायचे ते ती सांगते. तिचा हाच गुण मला फार मोलाचा वाटतो आणि त्याच अंगाने ती इथे वाचायची आहे.

वाचायची ती गोंदियात. पुण्या-मुंबईत हे चित्र अनेक तपासण्यांपैकी एक असते; इथे त्याच्यावर जास्त भार येतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला आहे. एका बाजूला मध्य प्रदेशातले बालाघाट, दुसरीकडे छत्तीसगड. धानाची बांधी, तलाव, राइस मिल आणि जंगल हे इथले जगणे. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे जंगलात शिरायचे, ऊन चढेपर्यंत पाने तोडायची, मग घरी बसून पुडे बांधायचे. अंगातले पाणी घामावाटे जाते, लघवी कमी आणि घट्ट होते, तिच्यातले कॅल्शियम, ऑक्झलेट आणि युरिक अ‍ॅसिड विरघळलेल्या अवस्थेत राहू शकत नाही. उष्ण मुलखात आणि उन्हात राबणाऱ्यांत मुतखडा जास्त आढळतो, त्यामागे हे साधे रसायन आहे.

शहरात कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आहे, त्याला सगळे केटीएस म्हणतात. बायकांसाठी बाई गंगाबाई रुग्णालय आहे, त्याचे नाव नुसते ‘गंगाबाई’. २०१६ पासून ही दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली आहेत. पण सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडच्या गावातून रात्री निघालेल्या माणसाला गोंदियाही लांबच, आणि नागपूर तिथून आणखी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. ‘रेफर केलं’ या दोन शब्दांत इथे गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत जाणारा माणूस हे सगळे येते. म्हणून कुणाला नागपूरला पाठवायचे आणि कुणाला गोळ्या देऊन घरी, हा निर्णय ज्या चित्रावरून होतो ते नीट वाचता आले पाहिजे.

आधी थोडे या माध्यमाविषयी. सोनोग्राफीचा जन्म दवाखान्यात झालेला नाही. धातूच्या जोडकामात चीर आहे का हे कारखान्यात आवाजाच्या लहरी सोडून तपासत असत. १९५५ साली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड आपल्या रुग्णांच्या काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रूच्या बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कारखान्यात गेले. तिथल्या यंत्राखाली त्यांनी त्या गाठी तपासल्या. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडाही ठेवला होता. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. १९५८ मध्ये डोनाल्ड, मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि पोटाच्या सोनोग्राफीचा पाया पडला. ‘पाणी की भरीव?’ हा कारखान्यात विचारलेला पहिला प्रश्नच मुतखड्याच्या तपासणीत आजही मध्यवर्ती आहे.

माध्यमाचे व्याकरणही छोटेच आहे. ऐकू न येणारी लहर शरीरात जाते. मऊ ऊतींत तिचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात. दोन वेगळे थर जिथे भेटतात तिथून ती परतते आणि परतायला लागलेल्या वेळावरून यंत्र खोली काढते. जिथून जोरात परतली तिथे पांढरे, थोडी परतली तिथे करडे, काहीच परतले नाही तिथे काळे. लघवी, पित्त आणि इतर स्वच्छ द्रव काळे दिसतात. हाड आणि खडा यांचा पृष्ठभाग पांढरा असतो. लहर पुढे जातच नसल्याने त्यांच्यामागे काळी सावली पडते. हवा मात्र सगळे विस्कटून टाकते. आतड्यातला वायू आडवा आला की त्यामागचे काही भरवशाने वाचता येत नाही.

आता प्रत्यक्ष चित्राकडे. अशा वेळी कॅज्युअल्टीत होणारे बोलणे ठरलेले असते. “कुठं दुखते?” असे विचारले की माणूस कुशीवर हात ठेवतो आणि तो हात जांघेकडे नेत म्हणतो, “येथून निघते न् खाली उतरते जी.” त्याला एका जागी पडवत नाही, बसवत नाही. अपेंडिक्स फुटलेला किंवा पोटाच्या आवरणाला सूज आलेला माणूस हलायला घाबरतो. मुतखड्याचा माणूस स्वस्थ राहूच शकत नाही. हा फरक प्रोब हातात घेण्याआधीचा आणि तोही चित्राचाच भाग आहे. ज्याने रुग्णाकडे पाहिले नाही त्याला पडद्यावरचे पाहून फारसे कळणार नाही.

कळ असह्य असते, तेव्हा औषध आधी. किडनी आधीच बिघडलेली नसेल, पोटात अल्सर नसेल, गर्भ नसेल तर डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन हा पहिला उपाय. ते नुसते दुखणे बधिर करत नाही. प्रोस्टाग्लँडिन रोखून अडलेल्या किडनीतला दाबही थोडा उतरवते. रुग्ण निवांत झाला की चित्रही स्थिर येते.

सुरुवात उजव्या कुशीपासून करण्यात शहाणपण आहे. फुगीर तोंडाचा, २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा प्रोब शेवटच्या बरगड्यांच्या बाजूला टेकवायचा. इथे यकृत मदतीला येते. भरीव, एकजिनसी यकृतातून लहर सहज पलीकडे पोचते. “श्वास घ्या, धरून ठेवा.” बरगडीच्या सावलीआडची किडनी खाली सरकते आणि पडद्यावर येते: नऊ ते बारा सेंटिमीटर लांब, कड करडी, यकृताच्या जवळपास त्याच छटेची किंवा किंचित गडद. तिच्या आत पिरॅमिडचे थोडे अधिक काळसर तुकडे आणि मधोमध चरबीमुळे चकाकणारा पांढरा पट्टा. निरोगी किडनीत हा पट्टा मिटलेला असतो. त्यात लघवी सतत येत असते, पण थांबत नाही. म्हणून काळे काही दिसत नाही.

सगळे वाचन या मधल्या पांढऱ्यावर येऊन ठेपते. मूत्रवाहिनीत खडा अडकला की वर लघवी साचते आणि पांढऱ्याच्या पोटात काळे उघडू लागते. झाडीपट्टीतल्या, म्हणजे या पूर्व विदर्भातल्या, माणसाला हे समजावून सांगायला वेगळी उपमा शोधावी लागत नाही: मामा (माजी मालगुजारी) तलावाखालचा पाट कुठे बुजला हे दिसले नाही तरी वरचे पाणी चढलेले कळते. डॉक्टर पाट शोधत बसत नाही. पाणी चढले का, किती चढले, एवढे पाहतो. पांढऱ्या पट्ट्यात काळी चीर दिसली तर सूज सौम्य. काळे फाटे फुटून किडनीतल्या कपासारख्या पोकळ्यांपर्यंत पोचले आणि एकमेकांना जोडले गेले तर मध्यम. कडेचा करडा थर दबून पातळ झाला तर तीव्र, आणि बहुधा जुनीसुद्धा. कारण काल रात्री अडकलेला खडा एका रात्रीत कड झिजवत नाही. एकाच चित्रातल्या काळ्याचा आकार आणि कडेची जाडी अशा दोन गोष्टी काळाचे दोन वेगळे हिशेब सांगतात. जाणत्या डॉक्टरची नजर इथे रेंगाळते.

रेंगाळायला आणखीही कारण आहे. इथेच फसायला होते. किडनीच्या मुखाशी असलेली शीरही काळीच दिसते. रंगीत डॉपलर लावला की तिच्यात रक्त वाहताना दिसते, साचलेल्या लघवीत काही हलत नाही. किडनीच्या मध्याजवळ साधे सिस्ट असले तर तेही सुजेचा आव आणते, पण सिस्ट एकमेकांना जोडलेले नसतात. मूत्राशय तुडुंब भरले असेल तर दोन्हीकडे थोडी सूज दिसते. लघवीला पाठवून पुन्हा पाहिले की ती ओसरते. म्हणून जाणकार एका चौकटीवर विसंबत नाही. प्रोब पंख्यासारखा फिरवून किडनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहतो, मग आडव्या छेदात पाहतो, मग दुखत नसलेली बाजू पाहतो. दोन किडन्या शेजारी ठेवल्याशिवाय एकीचा अर्थ लागत नाही.

डावी बाजू अवघड. तिथे यकृत नाही. प्लीहा छोटी आणि वर, तर पोट व आतड्यांतला वायू पुढे. प्रोब आणखी मागे, जवळजवळ पलंगाच्या गादीला हात टेकेल इतका न्यावा लागतो. नवशिक्या इथे वैतागून ‘दिसत नाही’ म्हणतो.

तिसरा टप्पा ओटीपोट. भरलेले मूत्राशय म्हणजे काळाभोर, नितळ अवकाश. त्याच्या तळाशी दोन्ही बाजूंच्या मूत्रवाहिन्या येऊन मिळतात आणि खडे अडकण्याच्या तीन ठरलेल्या जागांपैकी ही सर्वांत खालची व सर्वांत अरुंद. पहिली जागा किडनीच्या मुखाशी, दुसरी मूत्रवाहिनी कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथे. मूत्राशयाच्या तोंडाशी आलेला खडा या काळ्या खिडकीतून दिसू शकतो, पांढरा ठिपका आणि मागे सावली. ठिपका बारीक असेल तर सावलीही धड पडत नाही. अशा वेळी रंगीत डॉपलर लावला की खड्यामागे लाल-निळ्या रंगांची वेडीवाकडी चमचम उठते. तिथे रक्त नाही, प्रवाह नाही, तरी यंत्र रंग भरते. १९९६ मध्ये राहमुनी आणि सहकाऱ्यांनी ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकात या चमचमीचे वर्णन केले. पुढच्या संशोधनातून असे दिसले की खड्याच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या सूक्ष्म भेगांत बुडबुडे अडकलेले असतात आणि लहरी आदळल्या की तेच हा खेळ करतात. यंत्राची चूकच इथे पुरावा होते. मला तरी या सबंध तपासणीतली ही सर्वांत देखणी जागा वाटते.

तिच्याच शेजारी दुसरी आहे. डॉपलर मूत्राशयाच्या तळावर ठेवून थोडा वेळ थांबले तर दोन्ही बाजूंनी अधूनमधून रंगाचा फवारा उडताना दिसतो. मूत्रवाहिनी आकुंचन पावून लघवी आत सोडते तो क्षण. उजवीकडून फवारे येत आहेत, डावीकडून कितीतरी वेळ एकही नाही आणि कळ डावीकडे आहे; एवढ्यावर डॉक्टर समजतो. पण थांबायला हवे. गर्दीच्या कॅज्युअल्टीत मिनिटभर पडद्याकडे नुसते बघत राहणे हीच मोठी शिस्त आहे.

आता गोंदियाच्या मे महिन्याकडे परत यावे लागते, कारण हे सगळे वाचन पाण्यावर उभे आहे. दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसाच्या मूत्राशयात लघवी नसते, तेव्हा ती काळी खिडकी बंद. किडनी लघवीच कमी करते, तेव्हा खडा अडकलेला असूनही वर फारसे काही साचत नाही आणि पांढरा पट्टा मिटलेलाच दिसतो. ‘सूज नाही’ हे वाक्य अशा वेळी ‘खडा नाही’ असे वाचले तर घात होतो. पाणी पाजून किंवा सलाइन लावून तासा-दोन तासांनी पुन्हा पाहायला हवे. सलाइन लावले की खडा वाहून जातो, ही मात्र केवळ समजूत. सुकलेल्या माणसाला सलाइन हवेच. पण बाटल्यांवर बाटल्या चढवल्याने खडा लवकर सुटतो असे अभ्यासांत दिसलेले नाही.

हे चित्र बरेच काही सांगत नाही. मूत्रवाहिनी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब. तिचा मधला बहुतेक भाग वायूआड. तिथला खडा सहसा दिसत नाही, त्याचे माप मिळत नाही. सूज दिसली म्हणजे खडाच असेही नाही. पूर्व विदर्भात तर एक प्रश्न प्रत्येकाला विचारायलाच हवा, तो सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे; १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने शहडोलहून त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. या आजारात किडनीच्या आतल्या टोकांना रक्त कमी पडून ती झडू शकतात, लघवीतून रक्त जाते आणि झडलेला तुकडा मूत्रवाहिनीत अडकला तर कळ तीच, सूज तीच, खडा मात्र नाही. चित्र दोघांचे एकच. फरक कळतो तो घरात कुणाला सिकलसेल आहे या प्रश्नाच्या उत्तरातून.

साठी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली असेल तर प्रोब पोटाच्या मध्यावर आणून महाधमनी पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. ती तीन सेंटिमीटरहून रुंद असेल तर मुतखड्याचा विचार बाजूला ठेवायचा. फुगलेली धमनी फुटायला लागली की अगदी मुतखड्यासारखी दुखते. मूल होण्याच्या वयातल्या बाईची लघवीची गर्भतपासणी आधी, कारण नळीतला गर्भही असाच कळ उठवतो. आणि अंगात ताप असेल तर तेच काळे उघडलेले चित्र एकदम भयंकर होते. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की विष रक्तात उतरायला वेळ लागत नाही. मग अँटिबायोटिकवर भागत नाही. आतून डीजे स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी टाकून ती लघवी वाट करून काढावीच लागते. अशा रुग्णासाठी १०८ ची गाडी बोलावून रात्रीच पुढे पाठवायचे असते. सौम्य सुजेचा, तापाशिवायचा, इंजेक्शनने शांत झालेला रुग्ण मात्र बहुधा घरी जाऊ शकतो. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे तीनांपैकी दोन वेळा आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरचे साधारण निम्मे.

एवढ्या कमी दृष्टीवर विसंबणे धोक्याचे नाही का? या प्रश्नाला अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने उत्तर दिले. तो निबंधही चित्रासारखाच ओळीओळीने वाचण्याजोगा आहे. रिबेका स्मिथ-बिंडमन आणि सहकाऱ्यांचा हा निबंध सप्टेंबर २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. १५ रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत मुतखड्याच्या शंकेने आलेले २,७५९ रुग्ण. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे तीन गट केले: एकाची सोनोग्राफी आपत्कालीन डॉक्टरने खाटेजवळ केली, दुसऱ्याची रेडिओलॉजी विभागात झाली, तिसऱ्याचा थेट सीटी स्कॅन. मग सहा महिने पाठपुरावा.

खडा ओळखण्यात सीटी पुढे असणार हे उघड होते आणि ते तसेच निघाले. पहिल्या तपासणीतच निदान पकडण्याचे प्रमाण सीटीचे ८८ टक्के, खाटेजवळच्या सोनोग्राफीचे ५४, रेडिओलॉजीतल्या सोनोग्राफीचे ५७. इथे थांबणारा वाचक सोनोग्राफी नापास करील. पण निबंधाने मुख्य कसोटी वेगळी लावली होती: काही गंभीर आजार नजरेतून सुटून रुग्णाला पुढच्या तीस दिवसांत त्याचा त्रास झाला का? तिन्ही गटांत मिळून असे ११ रुग्ण, म्हणजे ०.४ टक्के, आणि गटागटांत संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. गंभीर दुष्परिणाम, आठवड्यानंतरचे दुखणे यांतही ठळक फरक नाही. किरणोत्सर्गात मात्र होता: सहा महिन्यांत सीटीच्या गटाला सरासरी १७.२ मिलिसिव्हर्ट, सोनोग्राफीच्या गटांना १०.१ आणि ९.३. ज्याला एकदा खडा झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. दर कळेला सीटी काढत गेले तर आयुष्यभराची बेरीज मोठी होते.

निबंधाचा मोठेपणा प्रश्नाच्या निवडीत आहे. ‘कोणते यंत्र जास्त पाहते?’ असे न विचारता त्याने ‘कमी पाहिल्याने कुणाचे नुकसान झाले का?’ असे विचारले. तरी त्याच्या मर्यादाही वाचायला हव्यात. खाटेजवळ सोनोग्राफी झालेल्यांपैकी दर पाचांत दोघांना पुढे सीटी लागलाच. फार लठ्ठ माणसे, एकच किडनी असलेले, डायलिसिसवरचे आणि दुसऱ्या गंभीर आजाराची दाट शंका असलेले रुग्ण आधीच वगळले होते. म्हणजे सोनोग्राफी पुरेशी आहे असे निबंध म्हणत नाही. सुरुवात तिच्यापासून करायला हरकत नाही, एवढेच म्हणतो. २०१८ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिचा सूरही हाच. खाटेजवळ पाहिलेल्या सुजेवरून खडा ओळखायचा तर संवेदनशीलता, म्हणजे खडा असताना सूज दिसण्याचे प्रमाण, सुमारे ७० टक्के आणि विशिष्टता, म्हणजे खडा नसताना सूज न दिसण्याचे प्रमाण, ७५. पण सूज मध्यम किंवा त्याहून जास्त असेल तर विशिष्टता ९४ टक्क्यांवर जाते. हलके काळे दिसले तर सावध राहा, ठळक दिसले तर विश्वास ठेवा, असा त्याचा अर्थ.

अमेरिकेतल्या त्या डॉक्टरांसमोर सीटी शेजारच्या खोलीत होता. तो टाळता येईल का हा त्यांचा प्रश्न. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री रेडिओलॉजिस्ट असेलच असे नाही. तिथे तीच सोनोग्राफी काहीच न पाहता पाठवणे आणि पाहून पाठवणे यांतला फरक ठरते. निबंध तोच, गोंदियात वाचला की वजन वाढते.

इथे आपल्याकडची एक अडचण मांडायला हवी. परदेशात आपत्कालीन डॉक्टरच्या खिशात मावणारा प्रोब असतो. आपल्याकडे असा प्रोब खिशात घेऊन हिंडता येत नाही आणि त्याला सबळ कारण आहे. गर्भाचे लिंग पाहून मुली मारण्यासाठी याच यंत्राचा वापर झाला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. यंत्र नोंदणीकृत हवे, नोंदवलेल्या जागेतच वापरायला हवे, ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरनेच हाताळायला हवे. फिरत्या यंत्रांवर तर आणखी बंधने आहेत. २०११ च्या जनगणनेत गोंदियात हजार पुरुषांमागे ९९९ बायका होत्या, राज्यात ९२९. हे ९९९ टिकवायचे तर कायदा सैल करा असे कुणी शहाणा म्हणणार नाही. पण कायदा पाळूनही कॅज्युअल्टीत एक नोंदलेले यंत्र ठेवता येते, तिथल्या डॉक्टरांना रीतसर प्रशिक्षण देता येते. आपत्कालीन वैद्यक ही २००९ पासून आपल्याकडे एमडीची स्वतंत्र शाखा आहे; ते शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला प्रोब धरता यायलाच हवा. गोंदियाच्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इंटर्नने पन्नास निरोगी किडन्या स्वतःच्या हाताने पाहिल्या असाव्यात, असे मला वाटते. मिटलेला पांढरा पट्टा डोळ्यांत बसल्याशिवाय उघडलेला ओळखता येत नाही.

माझा कौल असा. मुतखड्याच्या शंकेत खाटेजवळची सोनोग्राफी पहिली असावी आणि ती तीनच प्रश्नांपुरती असावी: किडनी फुगली आहे का, किती फुगली आहे, आणि दुसरे काही भयंकर तर नाही ना. खडा नेमका कुठे, केवढा, हे तिला विचारू नये; मिळाले तर घ्यावे. मर्यादा ओळखून तिच्याकडे गेलात तर ती क्वचितच फसवते. सर्वज्ञ समजून गेलात तर उन्हाने सुकलेल्या माणसाची मिटलेली किडनी दाखवून ती हमखास फसवील.

आणि वाचकाला एक सांगणे. आपल्याकडे रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न ‘किती एमएमचा?’ असतो. त्याच्या आधी ‘किडनीला सूज आहे का?’ हे विचारा. ताप, थंडी, लघवी बंद होणे, एकच किडनी किंवा पोटात बाळ असेल तर सकाळची वाट न पाहता निघा. कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असे धरू नका. अडलेली किडनी काही दिवसांनी दुखायचीही थांबते आणि गुपचूप निकामी होत जाते. म्हणून महिन्याभराच्या आत पुन्हा एकदा सोनोग्राफी करून घ्या आणि जाताना आधीचा रिपोर्ट सोबत न्या.